‘बायोडाटा’ आपला, गरज कंपनीची

शिरूर-दौंड : पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या शेजारी तालुक्यांच्या मधून भीमा नदी वाहते. नदीच्या दोन्ही बाजूंची कारखानदारीही परस्परांपासून अगदी वेगळी आहे. उत्तरेला, पुणे-अहिल्यानगर महामार्गावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतील कारखान्यात तेथे मोटारी तयार होतात. एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे गृहोपयोगी वस्तूंचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे उद्योग याच परिसरात आहेत. दक्षिणेला, पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभची वसाहत आहे. सिप्ला, एमक्युअर, अल्काइल अमाइन्स अशी औषध व रसायन क्षेत्रातील नावे तेथे आढळतात. न्हावरे-चौफुला रस्त्याने गेल्यास दुचाकीवरील तरुणाला एका दिवसात दोन्ही वसाहती गाठता येतात. बहुतेक वेळा तो एकाच ‘बायोडाटा’च्या झेरॉक्स प्रती दोन्हीकडे देऊन येतो आणि अडचण तेथूनच सुरू होते.

मोटारीच्या कारखान्याला जे हवे असते ते औषधाच्या कारखान्याला नको असते असे नाही. परंतु दोघांचे पहिले प्रश्न निराळे असतात. ज्या कागदावर त्या प्रश्नाचे उत्तर वरच्या अर्ध्या भागात मिळत नाही, तो कागद गठ्ठ्यात परत जातो. उमेदवार अपात्र असतो असे नव्हे. अनेकदा हवा असलेला अनुभव त्याच्यापाशी असतो, पण तो कागदावर उतरलेला नसतो.

लग्नाचा नमुना, नोकरीचा कागद

तालुक्याच्या गावी टायपिंगच्या दुकानात संगणकावर एक नमुना साठवलेला असतो. नाव व पत्ता बदलून तोच वर्षानुवर्षे छापला जातो. प्रारंभी ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावण्याची’ इच्छा, त्याखाली वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, मग गुणांचा तक्ता, छंदांत क्रिकेट आणि संगीत ऐकणे, शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’. मराठी घरांत ‘बायोडाटा’ हा शब्द लग्नासाठीही वापरला जात असल्याने दोन्ही कागदांची सरमिसळ झाली असावी. नोकरीच्या कागदातून फक्त रास आणि नाडी तेवढी वगळलेली दिसते.

खासगी कंपनीला उमेदवाराच्या धर्म-जातीशी कर्तव्य नसते, असूही नये. छंदांची ओळ वाचून कोणी फिटर नेमत नाही. ‘आव्हानात्मक वातावरणा’चे वाक्य प्रत्येक कागदावर सारखेच असल्याने ते वाचलेच जात नाही. त्या जागी दोन ओळींचा सारांश असावा : कोणता ट्रेड, किती वर्षांचा अनुभव, कोणत्या यंत्रावर आणि सध्या राहण्याचे ठिकाण.

नोकरी देणाऱ्याची गरज ओळखून लिहिण्याचा एक जुना व प्रसिद्ध दाखला इटलीतील आहे. लिओनार्दो द व्हिन्ची याने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी एक पत्र तयार केले. स्फोर्झाला युद्धाची चिंता होती. म्हणून लिओनार्दोने आपल्याला हलके पूल, तोफा, वेढा फोडण्याची साधने कशी बनवता येतात हे मुद्देसूद मांडले आणि चित्रकलेचा उल्लेख अखेरीस, जाता जाता केला. जगाला तो चित्रकार म्हणून ठाऊक आहे. पत्र मात्र त्याने वाचणाऱ्याच्या चिंतेवर बेतले होते.

रांजणगाव : कोणते यंत्र, कोणते काम?

रांजणगाव आणि त्याच्या अलीकडील सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यात जुळणी, प्रेस शॉप, वेल्डिंग, पेंट शॉप, प्लास्टिक मोल्डिंग व मशिनिंग ही कामे प्रामुख्याने चालतात. येथील पर्यवेक्षकाचा पहिला प्रश्न साधा असतो : या मुलाला सोमवारी लाइनवर उभे केले, तर काय शिकवावे लागेल?

‘फिटर म्हणून एक वर्ष अनुभव’ या ओळीत त्याचे उत्तर नाही. ‘फिटर, वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना, जुलै २०२३ ते जून २०२४, पॉवर प्रेसवरील डाय बदलणे, व्हर्निअर व मायक्रोमीटरने तपासणी, तिन्ही पाळ्यांत काम’ या ओळीत ते आहे. दोन्ही ओळी एकाच मुलाच्या असू शकतात.

सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांच्या बाबतीत तर एक शब्द पगार ठरवतो. तयार कार्यक्रमावर जॉब लावून काढणारा तो ऑपरेटर. टूल बसवून, ऑफसेट घेऊन पहिला जॉब मापात काढणारा सेटर. ड्रॉइंगवरून कार्यक्रम लिहिणारा प्रोग्रॅमर. अनेक तरुण सेटिंग करतात आणि कागदावर ‘ऑपरेटर’ लिहितात, कारण नेमणुकीच्या पत्रात तसे असते. पदनाम पत्राप्रमाणेच लिहावे. मात्र पुढच्या ओळीत प्रत्यक्ष काम नोंदवावे आणि यंत्राची नियंत्रण प्रणाली फॅनुक आहे की सिमेन्स, हेही सांगावे. उलट दिशेने केलेली अतिशयोक्ती फार काळ टिकत नाही. तांत्रिक मुलाखतीत हातात ड्रॉइंग दिले जाते आणि पाच मिनिटांत सारे उघड होते.

मोल्डिंग विभागात काम केलेल्याने यंत्राची टनांतील क्षमता आणि साचा बदलण्याचा अनुभव द्यावा. वेल्डरने मिग, टिग की स्पॉट हे लिहावे. नुसता ‘वेल्डर’ पुरेसा नाही. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने परवान्याचा प्रकार व मुदत द्यावी. ‘फाइव्ह एस’ आणि ‘कायझेन’ हे शब्द हल्ली सर्वांच्याच कागदावर असतात, त्यामुळे त्यांना वजन उरलेले नाही. स्वतः सुचवलेली एखादी लहान सुधारणा एका वाक्यात लिहिली तर ते परत येते. मोटार उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत २०१६ पासून ‘आयएटीएफ १६९४९’ हे गुणवत्ता मानक आहे. अशा कारखान्यात तपासणीच्या नोंदी ठेवल्या असतील, तर मानकाच्या नावासह तसा उल्लेख जरूर करावा.

रांजणगावात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या स्वतंत्र समूहाला केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली. या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडच्या मुलामुलींनी सोल्डरिंग, सर्किट बोर्डाची चाचणी आणि स्थिर विजेपासून घ्यायची काळजी, यांपैकी जे केले आहे ते वर आणावे.

कुरकुंभ : नोंद आणि सुरक्षितता

कुरकुंभमध्ये वाचणारा वेगळ्याच चष्म्यातून पाहतो. रसायनाच्या कारखान्यात एका माणसाची चूक संपूर्ण विभागाला धोक्यात आणू शकते. औषधाच्या कारखान्यात चुकीची नोंद संपूर्ण बॅच बाद करू शकते. त्यामुळे येथे दोन गोष्टी शोधल्या जातात : उमेदवाराने कोणती प्रक्रिया हाताळली आहे आणि तो लेखी पद्धतीने काम करतो का.

पहिल्यासाठी उपकरणांची नावे लागतात. काचेचे अस्तर असलेला रिॲक्टर की स्टेनलेस स्टीलचा, सेंट्रिफ्यूज, फिल्टर, ट्रे ड्रायर की फ्लुइड बेड ड्रायर, बाष्पीभवन की ऊर्ध्वपातन, हे स्पष्ट असावे. आयटीआयमध्ये ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना ही नावे पाठ असतात. तरीही त्यांच्या कागदावर ट्रेडचे नाव आणि टक्केवारी यापलीकडे काही नसते. बीएस्सी रसायनशास्त्राच्या पदवीधरांची तक्रार तर ‘अनुभव नाही, मग लिहायचे काय’ अशी असते. टायट्रेशन, पीएच मीटर, आर्द्रता मापन, क्रोमॅटोग्राफी यांपैकी जे महाविद्यालयात स्वतःच्या हाताने केले, ते लिहावे. जे केवळ पाहिले, ते ‘परिचय’ म्हणून वेगळे लिहावे.

दुसऱ्यासाठी बॅच उत्पादन नोंदी, वर्क परमिट, रसायनाचे सुरक्षा पत्रक, अग्निशमन व प्रथमोपचार प्रशिक्षण यांचे उल्लेख हवेत. औषध कारखान्यात नोंद चुकली तर ती खोडून टाकायची नसते. एका रेघेने छेदून सही आणि तारीख घालायची असते. अशा ठिकाणच्या अधिकाऱ्यापुढे व्हाइटनर लावलेला, तारखांवर तारखा गिरवलेला बायोडाटा ठेवणे म्हणजे नोकरी मागण्यापूर्वीच नकाराचे कारण हाती देणे होय.

बॉयलरच्या जागेसाठी तर प्रमाणपत्र हाच बायोडाटा असतो. बॉयलर प्रमाणित परिचराच्याच देखरेखीखाली चालवावा लागतो, म्हणून प्रथम किंवा द्वितीय श्रेणीच्या प्रमाणपत्राचा उल्लेख नावाखालच्या पहिल्या ओळीत यावा. इलेक्ट्रिशियनच्या वायरमन परवान्याचेही तसेच. हे परवाने ‘इतर माहिती’त, शेवटून दुसऱ्या ओळीत सापडतात, हे दुर्दैव आहे.

साखर कारखान्याचे हंगाम लपवू नका

या दोन तालुक्यांचे एक वैशिष्ट्य शहरातील नोकरीविषयक मार्गदर्शनात कधीच येत नाही. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे येथील जुने सहकारी साखर कारखाने. दोन्हींनी आर्थिक अडचणीपायी बंद हंगामही पाहिले. अशा कारखान्यांत गळीत हंगामापुरते काम केलेल्यांची संख्या या परिसरात मोठी आहे. नव्या नोकरीसाठी अर्ज करताना हा अनुभव मात्र दडवला जातो. ‘पाच महिने काम, सात महिने घरी’ असे दिसेल, कंपनी ते चांगले मानणार नाही, अशी भीती त्यामागे असते.

प्रत्यक्षात साखर कारखान्याचे बॉयलिंग हाऊस ही एक मोठी रासायनिक शाळाच आहे. उसाचा रस तापवणे, चुन्याने स्वच्छ करणे, इव्हॅपोरेटरमध्ये आटवणे, निर्वात पॅनमध्ये स्फटिक बनवणे, सेंट्रिफ्युगलमध्ये मळी वेगळी करणे, साखर वाळवणे. यातील आटवणे, स्फटिकीकरण, गाळणे आणि वाळवणे ही कामे कुरकुंभच्या कारखान्यांत दररोज चालतात. द्रव्य बदलते, स्वच्छतेचे व नोंदींचे निकष कितीतरी कडक होतात, पण वाफेचा दाब, निर्वात पातळी आणि तापमान यांवर नजर ठेवण्याची सवय तीच. पॅनवर किंवा सेंट्रिफ्युगलवर तीन हंगाम काढलेल्या माणसाने ‘साखर कारखाना, हंगामी कामगार’ एवढेच लिहिणे हे स्वतःचे नुकसान करून घेणे आहे. ‘गळीत हंगाम २०१६-१७ ते २०१८-१९, सेंट्रिफ्युगल विभाग, हंगामी’ असे सरळ लिहावे आणि कामाचे स्वरूप द्यावे. उरलेल्या महिन्यांत घरची शेती केली असेल तर तीही लिहावी. ठिबक संचाची देखभाल, पंपाची दुरुस्ती, ट्रॅक्टर चालवणे या गोष्टी देखभाल विभागाला परक्या नाहीत. रिकामी जागा संशय निर्माण करते, शेती नाही.

ठेकेदार बदलले, काम तेच

सर्वांत नाजूक भाग कंत्राटी अनुभवाचा आहे. एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर काम करणाऱ्या मुलाचा ठेकेदार वर्षा-दीड वर्षाने बदलतो. चार वर्षांत तीन ठेकेदार झाले की कागदावर तीन नोकऱ्या दिसतात आणि वाचणाऱ्याला हा मुलगा कोठेच टिकत नाही असे वाटते. ते टाळण्यासाठी काही जण थेट मोठ्या कंपनीचेच नाव लिहून मोकळे होतात. पडताळणीत कंपनी ‘हा आमचा कर्मचारी नव्हता’ असे कळवते. चार वर्षे प्रामाणिकपणे राबलेला तरुण खोटारडा ठरतो.

यावर उपाय मांडणीचा आहे. अनुभवाचे शीर्षक कारखाना आणि विभाग यांचे असावे, कालावधी सलग द्यावा आणि त्याखाली कंसात न लपवता ठेकेदार संस्थांची नावे तारखांसह लिहावीत. ‘पेंट शॉप, अमुक कारखाना, २०२१ ते २०२५, पुढील ठेकेदार संस्थांमार्फत’ अशी रचना केली की सलगताही दिसते आणि सत्यही राहते.

अनुभवपत्र न मिळण्याची तक्रार कंत्राटी कामगारांत सार्वत्रिक आहे. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीची नोंद उपयोगी पडते. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला ‘यूएएन’ हा एकच क्रमांक मिळतो आणि त्याखाली त्याने काम केलेल्या आस्थापनांचा इतिहास संकेतस्थळावर पाहता येतो. बायोडाटा लिहिण्यापूर्वी तो काढून तारखा जुळवून घ्याव्यात, कारण नवी कंपनीही तेच पाहणार असते. निधी कापलाच नसेल तर पगाराच्या पावत्या, बँकेतील जमा आणि जुने गेटपास जपून ठेवावेत. हे पुरावे कागदावर लिहायचे नसतात. विचारल्यावर दाखवायचे असतात.

शिकाऊ उमेदवारीचा काळही नीट वेगळा दाखवावा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार केलेली उमेदवारी आणि तिची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र याला कारखान्यात मोल आहे. ते ‘अनुभव’ या नावाखाली मिसळून टाकल्यास त्याचे मोल कमीच होते. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले होते. या योजनेतून काम केलेल्यांनीही तो काळ ‘प्रशिक्षण’ म्हणूनच नोंदवावा आणि आस्थापनेचे प्रमाणपत्र जोडावे.

नाव, भाषा आणि फाइल

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर, अशी स्थिती घरोघरी आढळते. नेमणुकीच्या वेळी त्यातून भविष्य निर्वाह निधीच्या नोंदणीपर्यंत अडथळे येतात. बायोडाट्यावर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव लिहावे आणि बाकीची कागदपत्रे त्यास जुळवून घ्यावीत. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांनी दोन्ही नावे द्यावीत; विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद सोबत ठेवावी.

भाषेबाबत उगाच धास्ती घेतली जाते. रांजणगावातील अनेक कंपन्या परदेशी मालकीच्या असल्याने कागद इंग्रजीत असणे सोयीचे. परंतु ती इंग्रजी आपली असावी. नमुन्यातून उचललेल्या भारदस्त विशेषणांचा अर्थ मुलाखतीत विचारला जातो. यंत्र, काम, कालावधी ही तीन नामे आणि साधी क्रियापदे पुरतात. कामगार व तंत्रज्ञ पदासाठी एक पान, दहा वर्षांहून अधिक अनुभव असल्यास दोन.

मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणक प्रणाली वाचते. जाहिरातीतील पदनाम व कौशल्ये यांचे शब्द ती शोधते. छापील कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो तिला नीट वाचता येईलच असे नाही, म्हणून मूळ टंकलिखित फाइल ‘पीडीएफ’ स्वरूपात पाठवावी. फाइलला ‘न्यू बायोडाटा फायनल दोन’ असे नाव देण्याऐवजी स्वतःचे नाव आणि ट्रेड द्यावा. जाहिरातीत ‘मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन’ म्हटले असेल आणि तेच काम केले असेल, तर तोच शब्द वापरावा. न केलेल्या कामाचे शब्द भरण्याचा मोह मात्र टाळावा.

रेल्वे, राज्य राखीव पोलिस दल किंवा अन्य सरकारी भरतीसाठी विहित नमुन्यातील अर्जच चालतो. तेथे सुबक बायोडाट्याचा काही उपयोग होत नाही. जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र वगैरे कागद तेथे लागतात. दौंडसारख्या, रेल्वे जंक्शन आणि राखीव दलाचे गट असलेल्या गावात एकाच तरुणाची दोन्हीकडे तयारी सुरू असते, म्हणून हा फरक सांगणे आवश्यक ठरते.

काय लिहू नये

आधार, पॅन आणि बँक खात्याचे क्रमांक बायोडाट्यावर कदापि लिहू नयेत. हा कागद व्हॉट्सॲपवरून ठेकेदाराकडून एजंटाकडे, एजंटाकडून आणखी कोणाकडे फिरत राहतो. नेमणूक निश्चित झाल्यावर कंपनी ही माहिती स्वतः मागते. नोंदणी, गणवेश, वैद्यकीय तपासणी अशा नावांखाली नेमणुकीपूर्वी पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे. बायोडाट्यावरून फोन आला एवढ्याने तो कंपनीचाच आहे असे ठरत नाही. वसाहतीतील प्रवेशद्वारावर किंवा कंपनीच्या अधिकृत ई-मेलवर खातरजमा करता येते.

अपेक्षित पगाराचा आकडा कागदावर टाकण्याची घाई नको, पण राहण्याचे ठिकाण अवश्य लिहावे. शिरूर, न्हावरे, केडगाव, पाटस की दौंड यावर कंपनीची बस मिळेल की नाही आणि रात्रपाळीला वेळेवर पोहोचता येईल की नाही, हे ठरते. स्वतःची दुचाकी असल्यास तसे नमूद करावे. मोबाइल क्रमांकाखाली घरातील दुसरा एक क्रमांक असावा. पाळीत काम करणाऱ्याचा मोबाइल अनेक कारखान्यांत प्रवेशद्वारापाशीच जमा करावा लागतो आणि मुलाखतीचे फोन नेमके दिवसा येतात. घरातल्या ज्याचा क्रमांक दिला आहे त्याला, कोणत्या कंपन्यांकडे अर्ज केले आहेत हे आधी सांगून ठेवावे.